एका कॅसेटचे ऐंशी डॉलर

1982 साली अमेरिकेत सिनेमाचं तिकीट सरासरी तीन डॉलरला मिळायचं. त्याच सिनेमाची व्हिडिओ कॅसेट दुकानात ऐंशी डॉलरला. नेमकं सांगायचं तर 79.95, आपल्याकडे जिला ‘बाटा किंमत’ म्हणतात ती खोड हॉलिवूडलाही होती. म्हणजे सव्वीस-सत्तावीस वेळा थिएटरात जाऊन तोच सिनेमा पाहा, नाहीतर तेवढ्याच पैशांत एक कॅसेट घरी आणा. डॉलर तेव्हा साडेनऊ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे कॅसेटचे झाले साडेसातशे रुपये. आपल्याकडची कित्येक घरं तेवढ्यात महिना काढत होती.

हा आकडा कुणाला सांगितला की उत्तर ठरलेलं असतं: नवं तंत्रज्ञान महागच असतं, मग हळूहळू उतरतं, मोबाइल नाही का उतरला? हे उत्तर अर्धं खरं आहे आणि म्हणूनच इतकी वर्षं टिकलं आहे. पण ऐंशी डॉलर ही किंमत घरात बसून बघणाऱ्यासाठी लावलेलीच नव्हती. ती कुणासाठी होती हे एकदा कळलं, की आज फोनवर सिनेमाखालचं ‘विकत घ्या’ हे बटण दाबताना आपल्या हातात काय पडतं, याकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: त्या महाग कॅसेटने प्रेक्षकाचं जितकं अडवलं, त्याहून जास्त आजची ही स्वस्त खरेदी अडवते आहे.

आधी खर्चाची बाजू मान्य करू. घरच्या टीव्हीला जोडून कॅसेट लावायचं सोनीचं बीटामॅक्स यंत्र 1975 मध्ये आलं, जेव्हीसीचं वेगळ्या मापाची कॅसेट घेणारं व्हीएचएस 1976 मध्ये. आरसीएने 1977 मध्ये अमेरिकेत व्हीएचएस यंत्र विकायला काढलं ते हजार डॉलरला. कोरी कॅसेटच वीस डॉलरच्या घरात जायची. दोन तासांच्या कॅसेटमध्ये जवळजवळ पाव किलोमीटर फीत गुंडाळलेली असते, आणि ती फीत तेव्हा स्वस्त नव्हती. भरलेली कॅसेट तयार करायची तर आणखी पंचाईत. सिनेमा दोन तासांचा असेल तर कॉपीलाही दोनच तास लागणार. मध्ये एक मूळ यंत्र, त्याला जोडलेली व्हीसीआरची रांग, आणि कॅसेटी घालत-काढत फिरणारी माणसं. छापखान्यासारख्या हजार प्रती धडाधड निघतील अशी सोय नव्हती.

या धंद्याची अमेरिकेतली सुरुवात मिशिगनमधल्या फार्मिंग्टन हिल्स या गावी झाली. तिथे आंद्रे ब्ले नावाचा माणूस मॅग्नेटिक व्हिडिओ ही कॉपी करून देणारी कंपनी चालवत होता. त्याने मोठ्या स्टुडिओंकडे चित्रपटांचे हक्क मागितले आणि 1977 मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने होकार दिला. मिळाले पन्नास चित्रपट, तेही जुने, टीव्हीवर दाखवून झालेले. त्याबदल्यात ब्लेने तीन लाख डॉलर आगाऊ मोजले आणि कॅसेटमागे साडेसात डॉलर रॉयल्टी कबूल केली. मग ‘टीव्ही गाइड’मध्ये जाहिरात देऊन दहा डॉलरला सभासद गोळा केले आणि कॅसेट 49.95 ला विकली. फितीचा खर्च, रॉयल्टी, कॉपी, डबा, जाहिरात, दुकानदाराचं कमिशन, अशी बेरीज केली तर पन्नास डॉलर समजण्यासारखे आहेत. इथपर्यंत कुणी कुणाला लुटलं असं मला वाटत नाही.

पुढच्या पाच वर्षांत हे पन्नासचे ऐंशी झाले. स्टुडिओंची बाजू घेणारा म्हणेल, त्या पाच वर्षांत अमेरिकेत महागाईही साठ टक्क्यांच्या आसपास वाढली, तेव्हा खरी किंमत होती तिथेच राहिली. हिशेब बरोबर आहे. पण त्याच काळात फीत स्वस्त होत होती, यंत्रं स्वस्त होत होती, कॉपीचे मोठे कारखाने उभे राहत होते. 1980 च्या दशकाच्या मध्यावर कोरी कॅसेट पाच-सात डॉलरला मिळू लागली. ज्या वस्तूचा मुख्य खर्च असा घसरला, तिची किंमत मात्र महागाईच्या पावलावर पाऊल टाकत चढली. फीत हे कारण असतं, तर किंमत उतरायला हवी होती. कारण दुसरीकडे होतं, लॉस एंजलिसच्या विल्शायर बुलव्हार्डवरच्या एका छोट्या दुकानात.

जॉर्ज ॲटकिन्सन या दुकानदाराने ब्लेची जाहिरात पाहिली, पन्नासही चित्रपट व्हीएचएस आणि बीटामॅक्स अशा दोन्ही प्रकारांत एकेक विकत आणले आणि भाड्याने द्यायला सुरुवात केली. वर्षाची सभासद फी पन्नास डॉलर, आयुष्यभराची शंभर, आणि एका दिवसाचं भाडं दहा डॉलर. दहा डॉलर भाडं जबरच होतं, पण पन्नास देऊन एकदा बघण्यापेक्षा दहा बरे, हे कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. बघता बघता देशभर अशी दुकानं निघाली आणि स्पर्धेत भाडं दोन-तीन डॉलरवर आलं. ब्लेने कल्पना केली होती घरोघरी पुस्तकांसारखी सिनेमांची कपाटं असतील अशी. लोकांनी ठरवलं, सिनेमा एकदा बघायचा असतो आणि परत करायचा असतो.

स्टुडिओ अर्थातच खवळले. पण कायद्याने त्यांचे हात बांधलेले होते, आणि बांधले होते एका कादंबरीने. बॉब्ज-मेरिल या प्रकाशकाने एका कादंबरीत छापलं होतं की हे पुस्तक एका डॉलरपेक्षा कमी किमतीला विकणं म्हणजे कॉपीराइटचा भंग. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते 89 सेंटला विकलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1908 मध्ये निकाल लागला: प्रत एकदा विकली की ती पुढे कोणी कितीला विकावी, हे सांगायचा प्रकाशकाचा अधिकार तिथेच संपला. पुढे हे तत्त्व 1976 च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्यातही आलं. नवी प्रत काढायला बंदी, पण हातातली प्रत विका, द्या, भाड्याने लावा. अकरा सेंटच्या भांडणातून निघालेल्या या नियमाने सत्तर वर्षांनी ॲटकिन्सनचं दुकान वाचवलं.

आता स्टुडिओचा हिशेब बघा, म्हणजे ऐंशी डॉलरचं कोडं सुटतं. दुकानदाराला कॅसेट घाऊक भावात पन्नास-साठ डॉलरला पडायची. ती वीस-पंचवीस वेळा भाड्याने गेली की पैसे वसूल, त्यानंतर फीत झिजेपर्यंत सगळी कमाई त्याची. स्टुडिओच्या खिशात पुढच्या एकाही भाड्यातला सेंट येत नाही. मग स्टुडिओने काय करावं? पुढे जे भाडं येणार आहे त्यातला आपला वाटा पहिल्याच विक्रीत काढून घ्यावा. तसंच त्यांनी केलं. ऐंशी डॉलर म्हणजे एका सिनेमाची किंमत कधीच नव्हती, ती पंचवीस-पन्नास घरांकडून दुकानदारामार्फत आगाऊ गोळा केलेली वर्गणी होती. ज्याला सिनेमा खरंच घरी ठेवायचा होता त्याने एकट्याने सगळ्या आळीची वर्गणी भरायची, एवढाच त्यातला अन्याय.

हे सरळ मार्गाने करून पाहायचे प्रयत्नही झाले, ते फसले. डिस्नेने 1980 मध्ये विक्रीच्या आणि भाड्याच्या कॅसेटी वेगवेगळ्या रंगांच्या डब्यांत काढल्या. वॉर्नरने 1981 मध्ये ठरवलं की आपली कॅसेट विकायचीच नाही, दुकानांना फक्त भाड्याने द्यायची. दुकानदारांनी जुमानलं नाही. मग स्टुडिओ वॉशिंग्टनला गेले: भाड्यावर आमचा हक्क लावून द्या. गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका मालकाच्या परवानगीविना भाड्याने देण्यावर 1984 मध्ये तिथे खरोखरच बंदी आली, पण सिनेमांसाठीचं विधेयक काही पुढे सरकलं नाही. तोवर व्हिडिओची दुकानं इतक्या गावांत झाली होती की प्रत्येक लोकप्रतिनिधीच्या मतदारसंघात दोन-चार दुकानदार तरी होतेच. मतं मोजता येणाऱ्याला हे पुरेसं असतं.

स्टुडिओंना खरं काय हवं होतं, हे याच्याही आधी एका फसलेल्या यंत्रात दिसलं होतं. 1972 मध्ये अमेरिकेत कार्ट्रिव्हिजन नावाचा प्रकार निघाला. त्यात काळ्या कॅसेटी विकत घ्यायच्या आणि लाल भाड्याच्या. लाल कॅसेट एकदा बघून झाली की घरच्या यंत्रावर मागे गुंडाळताच यायची नाही. ते काम फक्त दुकानातल्या खास यंत्रावर. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली ‘थांबा, तो सीन मला परत दाखवा,’ तर नवऱ्याने काय सांगायचं? वर्षभरात गाशा गुंडाळला. आज मात्र सिनेमा भाड्याने घेतला, एकदा ‘प्ले’ दाबलं की साधारण अठ्ठेचाळीस तासांत तो नाहीसा होतो, आणि आपण निमूट मान्य करतो. लाल कॅसेट परत आली आहे, फक्त तिचा रंग दिसत नाही.

महाग कॅसेटने कुणाचंच बिघडलं नाही, असं मी म्हणत नाही. बिघडलं ते कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाचं. साठ डॉलरची कॅसेट दोन आणायची की चार, यावर त्याची झोप उडायची. नवा गाजलेला सिनेमा शनिवारी मागायला जावं तर ‘बाहेर गेलीय’. त्यातून मोठ्या साखळी दुकानांचं फावलं. 1985 मध्ये डॅलसला निघालेल्या ब्लॉकबस्टरची सगळी कमाल एकच होती, भिंतभर प्रती ठेवण्याइतकं भांडवल. आणि बिघडलं ते कमी चाललेल्या, वेगळ्या वाटेच्या चित्रपटांचं. दुकानदार साठ डॉलर त्यांच्यावर कशाला घालवेल?

किंमत खाली आली तर काय होतं, हेही स्टुडिओंनी पाहिलं. अभिनेत्री जेन फोंडाची व्यायामाची कॅसेट 1982 मध्ये साठ डॉलरला निघाली आणि पुढे दहा लाखांवर खपली, कारण व्यायाम भाड्याने आणून एक दिवस करत नाहीत. पॅरामाउंटने त्याच वर्षी एका मोठ्या चित्रपटाची किंमत निम्म्यावर, 39.95 वर आणली आणि खप एकदम वाढला. 1987 मध्ये ‘टॉप गन’ सुरुवातीला पेप्सीची जाहिरात घेऊन 26.95 ला आला, 1988 मध्ये ‘ई.टी.’ 24.95 ला, आणि त्याच्या एक कोटीहून जास्त कॅसेटी गेल्या. लहान मुलांच्या सिनेमांचं तर विचारूच नका. एकच सिनेमा पन्नास वेळा बघणारा प्रेक्षक म्हणजे चार वर्षांचं मूल, आणि पन्नास वेळा भाडं भरण्यापेक्षा आईबाप कॅसेट विकतच घेतात. मग स्टुडिओंनी धंदा सरळ दोन खणांत टाकला: घरात ठेवायचे सिनेमे पंचवीस डॉलरला, दुकानात फिरायचे नव्वदला. हे खण 1990 च्या दशकाच्या शेवटापर्यंत टिकले. 1998 च्या सुमाराला ब्लॉकबस्टरने स्टुडिओंशी वेगळा करार केला: साठ-पासष्ट डॉलरऐवजी कॅसेटमागे सुरुवातीला किरकोळ रक्कम, आणि भाड्यातला साधारण चाळीस टक्के वाटा. भाड्यातला हिस्सा कायद्याने मिळाला नव्हता तो असा मिळाला. तेवढ्यात डीव्हीडी आली, पहिल्यापासून वीस-पंचवीस डॉलरला, आणि ऐंशीचा आकडा इतिहासजमा झाला.

गंमत म्हणजे हा सगळा खेळ शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये होऊन गेला होता. व्हिक्टोरियन काळातली कादंबरी तीन खंडांत निघायची आणि तिची किंमत असायची साडेएकतीस शिलिंग. साध्या माणसाने विकत घेण्याची गोष्टच नव्हे. घ्यायची ती मुडीज सिलेक्ट लायब्ररीने, शेकड्याने, भरघोस सूट घेऊन. वाचक वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, भरून एकेक खंड घरी नेत. किंमत चढी ठेवण्यात प्रकाशकाचाही फायदा आणि लायब्ररीचाही, कारण पुस्तक स्वस्त झालं तर लायब्ररीत येणार कोण? 1894 मध्ये लायब्रऱ्यांनीच हात आखडता घेतला आणि तीन खंडांची कादंबरी दोन-तीन वर्षांत संपली.

मराठी वाचकाला हे लांबचं वाटायला नको. दादर-गिरगावातल्या, पुण्याच्या पेठांतल्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांवर आपल्या दोन पिढ्या वाढल्या. दिवाळी आली की ठरावीक पैसे भरायचे आणि दोन-तीन महिने अंकांमागून अंक घरी न्यायचे. दोनशे-तीनशे रुपयांचा एकेक अंक, पंचवीस अंक कोण विकत घेणार? राज्यात अकरा-बारा हजार अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, आणि कित्येक मराठी पुस्तकांची पुठ्ठा बांधणीतली, पाचशे-हजारांची आवृत्ती त्यांच्याच खरेदीकडे डोळे लावून निघते. किंमतही तशीच लागते. मग आपणच म्हणतो मराठी पुस्तकं महाग झाली. झाली, पण ती किंमत आपल्याला उद्देशून नव्हती, हे इथेही खरं. मुंबईत शेमारूने 1962 मध्ये पुस्तकांची सर्क्युलेटिंग लायब्ररी काढली आणि 1979 मध्ये तीच व्हिडिओ कॅसेटी भाड्याने द्यायला लागली, हा मला योगायोग वाटत नाही. पुस्तक फिरवणाऱ्याला कॅसेट फिरवणं कळायला वेळ लागला नसणार.

पण शेमारूसारखी अधिकृत वाट सगळ्यांना मिळाली नाही. 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर. कोकणातल्या कित्येक घरांत तो आखातातून सुटीवर आलेल्या मुलाच्या सामानातून उतरला. आमच्या गल्लीत एकाकडेही नव्हता, म्हणून वर्गणी काढून एका रात्रीसाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी आणायच्या. चौकात ताडपत्री, पुढे पोरं, मागे खुर्च्यांवर वडीलधारी. दुसरा सिनेमा संपेपर्यंत निम्मं प्रेक्षागृह आडवं, तरी तिसरा लावायचाच, कारण भाडं सकाळपर्यंतचं भरलेलं. ‘प्रिंट कशी आहे?’ हा पहिला प्रश्न. पडद्यावर मुंग्या, नायकाच्या छातीवरून सरकणाऱ्या जाहिराती, मध्येच हेड साफ करायला थांबलेला व्हिडिओवाला. ती कॅसेट अधिकृत होती का, हे कुणी विचारलं नाही, आणि विचारून उपयोगही नव्हता. हिंदी सिनेमांचे व्हिडिओ हक्क तेव्हा बहुतेक परदेशातल्या बाजारासाठी विकले जात, आणि तिकडे निघालेली कॅसेट कॉपीची कॉपी होत आपल्या चौकात यायची. अमेरिकेतल्या माणसासाठी कॅसेट महाग होती. आमच्यासाठी ती अस्तित्वातच नव्हती, फक्त तिची चोरटी सावली होती.

आपल्या सरकारने यावर काढलेला उपाय वाचण्यासारखा आहे. 1984 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ‘व्हिडिओ फिल्म’ आली आणि चोरट्या प्रतींसाठी किमान सहा महिने कैद व किमान पन्नास हजार दंड आला. पुरवठा वाढवायचा विचार कुठे नाही, किंमत कुणाला परवडेल याचा तर नाहीच. वीस-बावीस वर्षं छापे पडत राहिले आणि चोरटा माल विकला जात राहिला. मग 2006-07 मध्ये मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने सिनेमांच्या व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढल्या. फुटपाथवरच्या चोरट्या डिस्कच्याच भावात, वर छापील डबा आणि स्वच्छ चित्र. किराणा दुकानात साबणाशेजारी सिनेमा लटकलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ती कंपनी पुढे कर्जात बुडाली, तो वेगळा विषय. पण अठ्ठावीस रुपयांनी जे दोन वर्षांत जमवलं, ते पन्नास हजारांच्या दंडाला कधी जमलं नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तिच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. अमेरिकेत ॲटकिन्सनला ज्या नियमाने तारलं, तो नियम आपल्याकडे सिनेमापुरता 1994 मध्ये काढून टाकला गेला. त्या दुरुस्तीने सिनेमाची प्रत विकण्याचा आणि भाड्याने देण्याचा हक्क मालकाकडे ठेवला, ती प्रत आधी विकली गेलेली असो वा नसो. पुस्तकाला मात्र हे लागू नाही. एकदा बाजारात आलेलं पुस्तक पुढे फिरवायला मोकळीक आहे. म्हणून दिवाळी अंक फिरवणारी लायब्ररी कायदेशीर आणि तिच्या शेजारची, पैसे मोजून आणलेल्या डीव्हीडी फिरवणारी लायब्ररी बेकायदा! हे पुस्तकी उदाहरण नाही. दिल्लीतली एक व्हिडिओ लायब्ररी अमेरिकेत रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडी इथे भाड्याने देत होती. वॉर्नर ब्रदर्सने दावा लावला आणि 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल लायब्ररीच्या विरोधात दिला. कायद्याची भाषा बघता न्यायालयाला दुसरं फार काही करता आलं नसतं, तक्रार कायद्याशीच आहे. 2012 मध्ये थोडी सुधारणा झाली: बंदी फक्त व्यापारी भाड्यापुरती राहिली, आणि ना-नफा ग्रंथालयांना व शिक्षणसंस्थांना त्यातून वगळलं. तोवर डिस्क फिरवणारी दुकानं झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जकडे वळली होती.

निर्मात्याच्या बाजूने बोलणारे विचारतात, सिनेमाला कोट्यवधी रुपये लागतात, दुकानदाराने एक प्रत आणून शंभर वेळा कमवायचं आणि आम्ही बघत बसायचं? प्रश्न रास्त आहे, थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पण त्याचं उत्तर अमेरिकेतल्या त्याच धंद्याने दिलं आहे. 1982 मध्ये हॉलिवूडच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांनी संसदीय समितीपुढे व्हीसीआरची तुलना घरी एकट्या असलेल्या बाईचा गळा दाबणाऱ्या खुन्याशी केली होती. त्याच व्हीसीआरने त्या दशकाच्या उत्तरार्धात स्टुडिओंना थिएटरपेक्षा जास्त पैसे मिळवून दिले, आणि तेही फिरवण्याचा हक्क दुकानदाराकडेच असताना. स्टुडिओंनी किमती दोन खणांत टाकल्या, करार केले, वाटा मागितला. म्हणजे धंदेवाल्याने करायची ती डोकेफोड केली. कायद्याने हक्कच काढून घेतला असता, तर ही डोकेफोड करायची गरजच पडली नसती, आणि कॅसेट आणखी दहा वर्षं ऐंशीलाच राहिली असती. आपल्याकडे कायद्याने ती गरज पडू दिली नाही.

आता त्या बटणाकडे येतो. थोडक्या पैशांत सिनेमा ‘विकत’ मिळतो, 1982 च्या ऐंशी डॉलरपुढे काहीच नाही. पण तो मला भावाला देता येत नाही, जुन्या बाजारात विकता येत नाही, मेल्यावर मुलीच्या नावे करता येत नाही. कंपनीचा हक्कधारकाशी करार संपला तर माझ्या ‘संग्रहातून’ तो जाऊही शकतो. 2009 मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून, पैसे देऊन घेतलेली ऑर्वेलची पुस्तकं रातोरात उडवली होती. प्रकाशकाकडे हक्क नव्हते असं निघालं, पैसे परत दिले, माफीही मागितली. पण दुकानदार रात्री घरात येऊन कपाटातलं पुस्तक नेऊ शकतो, हे त्या दिवशी कळलं. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कायदा केला की जे प्रत्यक्षात परवान्यावर देता, त्याला साध्या ‘विकत घ्या’ने विकू नका, ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा. 2025 च्या पहिल्या दिवसापासून तो लागू झाला.

आपल्याकडे हे करायला नवा कायदाही लागू नये. ऑनलाइन दुकानदारीतल्या फसव्या युक्त्यांवर केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये नियम काढलेच आहेत, तेरा प्रकार मोजून दिले आहेत. खोटं ‘विकत घ्या’ हा चौदावा प्रकार त्यात घालावा. आणि 2012 ची ती ग्रंथालयांची सवलत डिस्कवर अडकवून न ठेवता डिजिटल प्रतीलाही द्यावी, एका वेळी एका सभासदाला एक प्रत, पुस्तकासारखीच. नाहीतर कुठल्याही कंपनीच्या यादीत नसलेले जुने मराठी चित्रपट उद्या बघायचे कुठे? आज ते कुणाच्या तरी कपाटात, अठ्ठावीस रुपयांच्या डबीत आहेत.

माझ्याही कपाटात तशा दहा-बारा आहेत. भाचीला त्यातली एक हवी होती. तिच्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाही, म्हणून बाहेरून जोडायचं यंत्र तिने मागवलं, माझ्या व्हीसीडीच्या वीस-पंचवीस पट किमतीचं. दिवाळीत घेऊन गेली. अजून परत आलेली नाही. ‘मामा, मैत्रिणीकडे आहे, देते,’ असं परवा फोनवर म्हणाली.